सकाळची झडप, दुपारची झडप

मित्रांनो, मी एक जुने हृदय आहे. दचकलात ना? दचकू नका. माझ्यात रक्ताचा थेंब नाही आणि मी आजवर कुणाच्या छातीत राहिलेलो नाही. मी टेबलावर राहतो. माझे पोट म्हणजे जाड, पारदर्शक प्लास्टिकची पेटी आहे. माझ्या शिरा म्हणजे बागेला पाणी घालतात तसल्या नळ्या आहेत, आणि माझा सगळा जीव एका मोटरीत आहे. मोटर फिरली की दट्ट्या पुढे सरकतो, दट्ट्या सरकला की रबरी पिशवी आवळते आणि आतले पाणी धप्पकन पुढे पळते. दट्ट्या मागे आला की पिशवी पुन्हा फुगते. तुमच्या छातीत आत्ता हेच चालले आहे. फरक एवढाच की तुमचे झाकलेले आहे आणि माझे सगळ्यांना दिसते. प्रयोगशाळेत मला सगळे ‘धडधड्या’ म्हणतात, आणि खरे सांगतो, हे नाव मला भारी आवडते.

मला बनवले ते एका इंजिनिअरताईने. ती तेव्हा प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झाली होती. उंची बेताची, पण बोलण्यात कुणाला हार जाणार नाही अशी. कानामागे पेन्सिल खोचून ती दिवसभर पेन्सिल शोधत असे. माझी मोटर तिने भंगारात निघालेल्या एका बसच्या वायपरची आणली. पेटी तिने स्वतः कापली, चिकटवली आणि कडा हाताला लागू नयेत म्हणून घासून गुळगुळीत केल्या. मोठ्या रुग्णालयातले हृदयाचे सर्जन, म्हणजे आमचे साहेब, अधूनमधून येत आणि “इथे जरा फुगीर करा, खरं हृदय असं सपाट नसतं,” असे सांगून जात. ते आत आल्याआल्या आधी बेसिनशी जाऊन हात धूत. इथे ऑपरेशन नाही, हे त्यांच्या हातांना कधी पटलेच नाही.

पहिल्यांदा माझे बटण दाबले तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. मी पहिला ठोका दिला, दुसरा दिला आणि तिसऱ्या ठोक्याला माझी एक नळी सटकली. सगळे पाणी साहेबांच्या बुटांत! ताईने जीभ चावली. साहेबांनी शांतपणे एक बूट काढला, उपडा केला आणि म्हणाले, “दाब उत्तम आहे. आता तेवढी नळी नीट बसवा.” त्या दिवशी मला फार हसू आले होते. मला हसता येत नाही, म्हणून मी थोडा जास्त थरथरलो.

आता माझे काम काय, ते ऐका. हृदयात झडपा असतात. एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारखी झडप रक्ताला पुढे जाऊ देते आणि मागे फिरू देत नाही. एखाद्याची झडप बिघडली तर डॉक्टर तिच्या जागी बनवलेली झडप बसवतात. पण बनवलेली झडप थेट माणसाला कशी बसवायची? ती नीट मिटते की नाही, कसे कळणार? म्हणून आधी ती माझ्यात बसवतात. माझ्या पोटात ग्लिसरीन घातलेले पाणी असते, साधारण रक्ताइतके दाट. मी ठोके देतो, झडप उघडते आणि मिटते, आणि मिटल्यावरही किती पाणी मागे झिरपले ते एक सेन्सर मोजतो. या झिरपण्याला उलट गळती म्हणतात. गळती जितकी कमी, तितकी झडप चांगली. कितीतरी झडपा माझ्यात आल्या आणि मी एकीचीही भीड ठेवली नाही.

ते दिवस मोठ्या मानाचे होते. लांबलांबून शाळेची मुले मला पाहायला येत. पेटीला नाक लावून ती झडपेची उघडमीट पाहत आणि तिच्यावर नाकाचे ठसे ठेवून जात. ताई ते ठसे पुसताना कुरकुर करी, पण पुढच्या वेळी मुलांना पुन्हा जवळच उभे करी. एकदा तर माझा फोटो काढून तो दालनाच्या दारावर लावला. मी जरा जास्तच फुगलो होतो तेव्हा, कबूल आहे.

मग ताईने स्वतःची झडप बनवली आणि माझ्या आयुष्यातला खरा थरार सुरू झाला.

त्या काळी आमच्याकडे येणारी नेहमीची झडप कडक चकतीची आणि दणकट होती; मिटताना ती टिक वाजे. तिला आपण जुनी झडप म्हणू. ती बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागे, आणि मग साधे खरचटले तरी रक्त लवकर थांबत नसे. ताईची नवी झडप मऊ पाकळ्यांची होती. तिला ती गोळी लागणार नाही, असा सगळ्यांचा अंदाज होता. नव्या झडपांना परवानगी देणाऱ्या समितीची मुख्य अट होती, की नव्या झडपेची उलट गळती जुनीपेक्षा जास्त असता कामा नये. अट पूर्ण झाली की साहेब पहिल्या काही रुग्णांना ती बसवणार होते.

आणि त्या रुग्णांत ताईचा थोरला भाऊ होता.

दादा शिंपी होता. ताईचा पहिला पांढरा कोट त्यानेच शिवला होता. त्याचे खिसे त्याने इतके खोल ठेवले होते, की आत पडलेला स्क्रू काढायला तिला कोपरापर्यंत हात घालावा लागे. दादाच्या हृदयाची एक झडप कडक होऊन नीट उघडेनाशी झाली होती. आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. दादा जिना चढताना मध्येच थांबे आणि खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचे चालले आहे असे दाखवून श्वास घेई. ताईला ते कळत होते. ऑपरेशन फार लांबवता येणार नाही, असे साहेबांनी दोघांना बसवून सांगितले होते.

“जुनी बसवली तर गोळी आली,” दादा म्हणे, “आणि माझ्या बोटाला दिवसातून चारदा सुई टोचते. मला छोटीचीच झडप द्या. घरात शिंपी असताना बाहेरून कपडे शिवून घेतात का कुणी?”

छोटी म्हणजे आमची ताई. सगळ्या प्रयोगशाळेला धाकात ठेवणारी बाई, पण दादा आला की छोटी!

काम जोरात सुरू झाले. ताई सकाळी धावतच येई. पिशवी खुर्चीवर टाकायची, पाणी प्यायचे नाही, खिडकी उघडायची नाही, आधी नवी झडप माझ्यात बसवायची. तिला दम म्हणून निघत नसे. मोजमापे झाली की जेवण. जेवणानंतर ती झडप काढायची, जुनी बसवायची आणि तिची मोजमापे घ्यायची. रोज हाच क्रम. आणि आकडे काय सांगू! जुनीतून दर ठोक्याला चहाचा चमचाभर पाणी मागे येई, तर नवीतून जेमतेम अर्धा चमचा. ताईने भिंतीवर मोठा आलेख लावला. जुनीचे काळे ठिपके वर, नवीचे हिरवे ठिपके खाली. साहेब येता-जाता त्या आलेखाकडे बघून शीळ घालत.

समितीकडे कागद पाठवण्याआधी आणखी एका माणसाची सही हवी होती. ते संख्याशास्त्रज्ञ होते. म्हणजे आकडे खरे बोलताहेत की थापा मारताहेत, हे ओळखणारे गृहस्थ. सगळे त्यांना आकडेबुवा म्हणत आणि त्यांनाही ते चाले. ते बिनसाखरेचा चहा पीत आणि कुणी घाई केली की आणखी सावकाश पीत.

बुवा कप घेऊन आलेखापुढे उभे राहिले. 

“बुवा, सही करा की,” साहेब म्हणाले. “आकडे बोलताहेत.”

“बोलताहेत खरे. पण हा एक हिरवा ठिपका इतका वर का जाऊन बसलाय? आणि त्याच्यावर पेन्सिलीची काट कुणी मारली?”

“मी,” ताई म्हणाली. “त्या दिवशी झडप धरून ठेवणारा क्लॅम्प तुटला होता. सगळा दिवस बिघडला. तो धरायचा नाही.”

“क्लॅम्प जोडल्यावर मोजलंत ना?”

“हो. सकाळ दुरुस्तीत गेली, म्हणून जुनी आधी उरकली आणि नवी दुपारी घेतली.”

“आणि बाकीच्या दिवशी?”

“सकाळी नवी, दुपारी जुनी.”

“रोज?”

“रोज.”

बुवांनी कप टेबलावर ठेवला. त्यांचा चहा अर्धा राहिला होता, आणि असे कधी होत नसे.

“मग मला सांगा,” ते म्हणाले, “नवी झडप चांगली आहे की सकाळ चांगली आहे, हे मी कसं ओळखू?”

साहेब मोठ्याने हसले. ताईला मात्र राग आला. खोलीत थंडगार हवेचे यंत्र आहे, भिंतीवर थर्मामीटर आहे, त्याचा पारा दिवसभर जागचा हलत नाही, मग सकाळ काय आणि दुपार काय, असे तिने तावातावाने सांगितले. बुवांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “असेल तसंच. मग चिठ्ठ्या टाकायला काय हरकत आहे? रोज एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव येईल ती झडप आधी. सोय नाही बघायची, हौस नाही बघायची.”

“वा!” साहेब म्हणाले. “आता हृदयाचं संशोधन सोडतीवर चालणार!”

ताई हसली नाही. “बुवा, माझ्या दादाला जिना चढवत नाही. आणि तुम्ही मला चिठ्ठ्या काढायला सांगताय?”

“दादा आहे म्हणूनच सांगतोय,” बुवा म्हणाले. त्यांचा आवाज एरवी कोरडा असे. त्या दिवशी तो तसा नव्हता.

ताईने कागद टराटरा फाडला, चिठ्ठ्या केल्या आणि बुवांच्याच कपात टाकल्या, उरलेल्या चहात! मग दुसऱ्या कोरड्या भांड्यात नव्याने टाकाव्या लागल्या. मला पुन्हा थरथरायला झाले. ती बुवांना खोटे पाडायला निघाली होती, आणि मित्रांनो, इतक्या ईर्षेने मला कुणी कधी चालवले नव्हते.

पहिल्या दिवशी चिठ्ठी नवीची निघाली. सकाळी नवी झडप. गळती अर्धा चमचा. ताईने बुवांना मुद्दाम हाक मारून आकडा दाखवला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी जुनीची निघाली आणि नवीची पाळी दुपारी आली. गळती एकदम दीड चमचा! ताईने क्लॅम्प तपासले. सगळे ठीक. पुढच्या वेळी नवी पुन्हा दुपारी आली आणि गळती पुन्हा तितकीच. भिंतीवरचे हिरवे ठिपके आता पांगले होते. सकाळचे खाली, दुपारचे वर, काळ्यांच्याही वर.

मग सगळे खापर माझ्यावर फुटले. “धडधड्या म्हातारा झालाय,” साहेब म्हणाले. ताईने माझे सगळे स्क्रू काढले, नळ्या बदलल्या, सेन्सर पुसला, दट्ट्याला तेल दिले. मी मनात म्हणत होतो, अगं बाई, माझ्यात काहीही बिघडलेले नाही, मी जे आहे तेच सांगतो आहे! पण मला तोंड कुठे? मी आपला इमानाने ठोके देत राहिलो.

त्या दुपारी ती दमून माझ्याशेजारी स्टुलावर बसली. डोळे मिटले आणि आधाराला म्हणून एक हात माझ्या पेटीवर टेकला. मग तिने डोळे उघडले. हात उचलला, पुन्हा टेकला. ताप बघतात ना, तसा उलटा पंजा लावून बघितला.

“हा गरम आहे,” ती म्हणाली.

आणि मग जी धांदल उडाली! तिने भिंतीवरचा थर्मामीटर खिळ्यासकट उपटला आणि माझ्या पाण्यात बुडवला. पारा चढला. सकाळपासून मोटर फिरते, दट्ट्या घासतो, पाणी नळ्यांतून गरगरते. खोली गार राहते, पण पाणी हळूहळू तापते. आणि ग्लिसरीनचे पाणी तापले की पातळ होते! सकाळचे दाट पाणी नव्या झडपेच्या पाकळ्यांमधल्या बारीक फटीतून फारसे जाऊ शकत नव्हते. दुपारचे पातळ पाणी तिथून खुशाल वाहत होते. इतके दिवस सगळ्यांनी खोलीचा ताप मोजला आणि माझा कुणी मोजलाच नाही.

“सापडलं!” ती ओरडली. “बुवा! साहेब! सापडलं!” कानामागची पेन्सिल उडून कुठेतरी पडली. साहेब हात न धुता धावत आले, असे आयुष्यात एकदाच झाले. ताई भराभर सांगत होती, बुवा मान हलवत होते, आणि मला वाटत होते आता तिघेही नाचतील.

पण साहेबांनी थर्मामीटर उचलून पारा पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, “ताई, माणसाचं शरीर सकाळी गरम असतं आणि दुपारीही गरमच असतं.”

ताईचा हात हवेतच राहिला. तिला कळले. छातीत गार सकाळ नसते. मग नव्या झडपेचे खरे वागणे दुपारचेच, आणि दुपारची नवी झडप जुनीपेक्षा जास्त गळत होती. ती दादाला बसवता येणार नव्हती.

मित्रांनो, शोध लागल्याचा आनंद आणि त्याच शोधाने तोंडचा घास जाणे, हे दोन्ही मी एकाच माणसाच्या तोंडावर एकाच वेळी पाहिले. मला फार वाईट वाटले. ताईने स्वतःच्या हाताने भिंतीवरचा आलेख काढला आणि ज्या ठिपक्यावर काट मारली होती, ती काट खोडरबराने पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी दादा आला. जिन्यात थांबत थांबत आला. ताईने त्याला स्टूल दिले, पाणी दिले आणि सगळे सांगितले. काही लपवले नाही.

“म्हणजे माझी चूक आहे, दादा. मला माझीच झडप आधी बघायची घाई असायची. रोज. म्हणून कळलं नाही.”

दादा पाणी पीत होता. ग्लास खाली ठेवून म्हणाला, “कापड कापलं नाहीस ना अजून?”

“म्हणजे?”

“माझी छाती अजून शाबूत आहे. मग रडतेस कशाला? तुझ्या साहेबांना सांग, जुनी बसवा. गोळी घेईन. सुई टोचू नये म्हणून बोटाला शिंप्याचं टोपण घालीन. इतकी वर्षं कंटाळा करत होतो, आता घालीन.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते की. खूप वाटते,” दादा म्हणाला. “पण घरी तुझ्या वहिनीला सांगू नकोस.”

त्यानंतर माझ्यावर कापड पडले. दादाचे ऑपरेशन होते आणि ताई रुग्णालयात होती. आमची खोली बंद. मोटर थंड, पाणी थंड, पिशवीवर धूळ. ज्याने आयुष्यभर ठोके दिले त्याला निश्चल बसणे फार जड जाते. कधी दारापलीकडे पावले वाजत आणि पुढे निघून जात. दादाचे काय झाले, हे मला सांगणार कोण? यंत्राला कुणी निरोप देत नाही.

एका सकाळी दार धाडकन उघडले. कापड ओढले गेले आणि समोर ताई! “धडधड्या, दादा घरी आला!” असे ती चक्क मला म्हणाली. खोलीत दुसरे कुणी नव्हते. मग तिने बाह्या सरसावल्या.

तिने पाकळ्यांची कड केसभर लांब केली, म्हणजे मिटल्यावर एकीची कड दुसरीवर टेकेल. ऐकायला किती सोपे! पण कड जास्त लांब झाली की पाकळी दुमडते, कमी झाली की फट राहते. कितीतरी झडपा वाया गेल्या. माझ्या पाण्यातही आता तापवणारी कांडी आली आणि पाणी सकाळ-संध्याकाळ माणसाच्या अंगाइतके गरम राहू लागले. आणि शेवटची परीक्षा कशी घ्यायची ते या वेळी ताईने स्वतः जाऊन बुवांना विचारले.

बुवांनी नियम घातले. झडपा तीन. बाजारातली जुनी, ताईची पहिली आणि ताईची सुधारलेली. त्यांना नावे नाहीत, फक्त रंग. लाल, निळी, पिवळी. कुठला रंग कुठल्या झडपेला, हे फक्त साहेबांना ठाऊक. चिठ्ठी निघेल त्या क्रमाने तेच त्या माझ्यात बसवणार. आकडे ताई वाचणार, पण पलीकडच्या खोलीत बसून, तारेवरून आलेले. तिने या खोलीत डोकवायचे नाही. साहेबांनी आकडे विचारायचे नाहीत आणि रंगांबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

साहेबांच्या पोटात तीळ भिजत नसे हो! जेवताना त्यांना बोलायची इतकी उबळ येई, की ते उठून पुन्हा हात धुवायला जात. आणि माझी अवस्था विचारू नका. झडपाही मला दिसत होत्या आणि गळतीही मलाच कळत होती. सगळ्या जगात निकाल फक्त मला ठाऊक होता, आणि मला तोंड नाही!

मित्रांनो, आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. ते स्वतःचा ताप स्वतः मोजते आणि आकडे पडद्यावर रंगीत दाखवते. मी बाहेरच्या मार्गिकेत उभा आहे. माझ्या पेटीवर कुणीतरी रिकामी खोकी रचून ठेवली आहेत, रबरी पिशवीला चिरा गेल्या आहेत आणि महिनोन्‌महिने कुणी फडके मारत नाही. वाईट वाटते. जुन्या यंत्राला थोडे तेल आणि थोडी विचारपूस पुरते, तेवढे तुम्ही तरी करत जा. पण गाऱ्हाणे पुरे. निकालाचा दिवस सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

त्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ताईने दादाला बोलावले होते. तो जिना एका दमात चढून आला होता आणि हे सगळ्यांना दोनदा सांगून झाले होते. त्याच्या बोटाला शिंप्याचे टोपण तसेच होते, काढायचे राहून गेलेले. बुवा फळ्यापाशी गेले. त्यांनी तीन रंग लिहिले आणि प्रत्येकापुढे गळती लिहिली.

पिवळी, एक चमचा. लाल, दीड चमचा. निळी, पाव चमचा.

कुजबुज सुरू झाली. ताई भिंतीला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटून. निळी कुठली? जुनीच निळी निघाली तर? मी तर फुटायच्या बेतात होतो.

“आता बोला, साहेब,” बुवा म्हणाले.

“पिवळी जुनी!” साहेब जवळजवळ किंचाळले. “निळी ताईची सुधारलेली! लाल ताईची पहिली! देवा रे, बोललो एकदाचा!”

काय गलका झाला! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी बाक वाजवले. बुवांनी चहात साखर मागितली. साहेबांनी बुवांना मिठी मारली आणि बुवांचा चष्मा माझ्या पाण्यात पडला. पाव चमचा, मित्रांनो! गरम पाण्यात, चिठ्ठ्यांच्या क्रमाने, कुणाच्या हौसेविना!

दादा तेवढा फळ्याकडे बघत उभा होता.

“छोटे, ही लाल,” तो म्हणाला, “ही माझ्यासाठी ठेवली होतीस तीच ना?”

ताईने मान हलवली. गलका थांबला. खोली इतकी शांत झाली की दादाच्या छातीतली झडप ऐकू येऊ लागली. टिक, टिक, टिक.

“दादा, निळी तुला नाही रे देता आली,” ताई म्हणाली आणि रडू लागली. “आता सगळ्यांना मिळेल. तुलाच नाही.”

“वेडी आहेस का?” दादाने तिचे डोके स्वतःच्या छातीशी धरले. “मला लाल मिळाली नाही, म्हणून तर आज निळी बघायला आलो.”

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्यासाठी तुम्ही काही बनवाल तेव्हा शंका काढणारा एखादा माणूस दारात येईल. त्याच्यावर रागवा हवे तर, पण त्याला आत घ्या.